अझोला की डकवीड? हौदात सोडण्याआधी तळहातावर घेऊन बघा

खानापूरकडच्या भाताच्या खाचरात तरंगतं तेही शेवाळ आणि बेळगावातल्या नाल्याकाठच्या डबक्यावर पसरतं तेही शेवाळ, असं म्हणून आपण मोकळे होतो. मग म्हशींसाठी अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारा हिरवा चारा, करायचा ठरला की कुणाकडून तरी बादलीभर हिरवं येतं आणि त्यात निम्मं डकवीड, म्हणजे तसंच तरंगणारी दुसरी पाणवनस्पती, निघतं.

ओळखायला दोघांतलं एकेक तळहातावर घ्या. अझोला त्रिकोणी, बारीक खवल्यांसारखी पानं एकावर एक चढलेली, खाली केसांसारखी मुळं. डकवीड म्हणजे गुळगुळीत, चपटी, तिळाएवढी टिकली, नेहमीच्या जातीत खाली एकच पांढरा धागा. खालची बाजू जांभळट आणि मुळांचा झुबका दिसला, तर ती स्पायरोडेला, डकवीडचीच थोरली बहीण.

पण गोठ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते दोघं कशावर वाढतात हे. अझोला हा नेचा (फर्न). त्याच्या पानांतल्या पोकळ्यांत अॅनाबिना नावाचे निळे-हिरवे जीवाणू राहतात आणि हवेतला नत्र त्याला पुरवतात. म्हणून त्याला युरिया नको, स्फुरद (फॉस्फरस) हवं. दोन बाय दोन मीटरच्या वाफ्यात सिलपॉलिन (जाड प्लास्टिकचा कागद) अंथरून दहा-पंधरा किलो चाळलेली माती, दोन किलो शेणाचा काला, तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि चार बोटं पाणी, एवढ्यावर काम होतं. दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि वीस ग्रॅम सुपर द्यायचं. नीट लागला तर पंधरवड्यानंतर रोज अर्धा किलो काढता येतो, आणि काढायचाच. दाटी झाली की सडतो. पानं तांबूस झाली तर स्फुरद कमी पडलंय, नाहीतर थंडी किंवा ऊन बाधलंय. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात वर शेडनेट लागतेच. खानापूरच्या पावसात उलटी तऱ्हा: वाफा भरून अझोलाच वाहून जातो, म्हणून वर छप्पर हवं.

डकवीडकडे नत्राची ही सोय नाही. ते पाण्यातलं ओढून घेतं, आणि त्यासोबत पाण्यातले जड धातूही. सांडपाणी साफ करायला हे उत्तम, पण त्याच गुणामुळे नाल्यातलं डकवीड जनावरांपुढे टाकू नये. शेण घातलेल्या स्वच्छ पाण्यात मुद्दाम वाढवलेलं असेल तर कोंबड्या, बदकं, मासे आवडीने खातात. प्रथिनं त्यातही भरपूर असतात.

अझोला तीन-चार पाण्यांनी धुऊन, शेणाचा वास गेल्यावर पेंडीत मिसळून द्या. मात्र त्याच्या भरवशावर पेंड बंद करू नका. दोन किलो ओल्या अझोल्यात सुका ऐवज दोनशे ग्रॅमही भरत नाही, बाकी सगळं पाणीच.

भातवाल्यांना आणखी एक फायदा: रोप लावणीआधी खाचरात अझोला वाढवून चिखलात गाडला, की कुजून त्याचा नत्र पिकाला मिळतो. डकवीड गाडून नवा नत्र येत नाही, पाण्यात होता तेवढाच मातीत जातो.