ओपन-क्लोजपासून ॲपपर्यंत: जुगार बंद करायच्या शब्दाचा धनी कोण?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खान्देशात पत्ते निघतातच. लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले, घरात पुरणपोळी आन आंब्याचा रस, सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरतंय, आणि तिकडे कोणाच्या तरी खळ्यात पुरुष मंडळी तीन पत्ती नाहीतर झन्ना-मन्ना मांडून बसलेली. सणाचे दोन-चार दिवस गाव डोळेझाक करतं. त्यामुळे "जुगार बंद करू" हे वाक्य आमच्याकडे कोणी सिरियसली घेत नाही, हा एक भाग झाला. पण ज्यांनी ते वाक्य वर्षानुवर्षं भाषणात वापरलं त्यांनी तरी कुठे सिरियसली घेतलं? नवीन पालकमंत्री आले, नवीन एसपी आले की पहिल्याच पत्रकार परिषदेत अवैध धंद्यांची गय केली जाणार नाही हे ठरलेलं असतं, आणि तीन महिन्यांनी टपरी जिथल्या तिथे.

मुळात कायदा केव्हाचा आहे ते बघा. आज पण पेपरात आतल्या पानावर बारकी बातमी येते, बसस्टँडमागे कल्याण मटका घेताना एकास पकडले, रोख एवढी, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या जप्त. हा गुन्हा दाखल होतो 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे इंग्रजांच्या. त्यातच कलम 13 आहे, निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही असं सांगणारं. ते लक्षात ठेवा, पुढे सगळा राडा त्याच्यावरच झालाय.

मटक्याची गंमत म्हणजे त्याचं मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्सचेंजमधला उघडायचा आणि बंद व्हायचा भाव टेलिप्रिंटरवर मुंबईला यायचा आणि त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे, म्हणून तो शब्द ओपन आणि क्लोज. 1961 ला तिकडून भाव येणं बंद झालं तर इकडच्यांनी थांबावं ना, नाही, 1962 मध्ये कल्याणजी भगतनी वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली, 1964 मध्ये रतन खत्रीनी न्यू वरळी मटका काढला, मडक्यातून चिठ्ठी काढा नाहीतर पत्ते काढा, कापसाची गरजच संपली. आता ज्या खान्देशाला अमेरिकेच्या यादवीत, 1861 ते 65 च्या काळात, कापसाने पैसा दाखवला त्याच खान्देशात जिनिंगचा हमाल संध्याकाळी टपरीवर "आकडा काय उना (आला) रे भो?" विचारत उभा, आणि ते आकडे मुळात कापसाच्या भावाचे होते हे त्याला कोणी सांगितलेलं पण नाही.

सरकारने यावर काय केलं? 1969 मध्ये स्वतःची लॉटरी काढली. मटक्याकडे जाणाऱ्याला कायदेशीर वाट आणि विकासाला पैसा, असा हिशोब. मग 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, नियंत्रण आणि कर असं त्याचं नावच, आणि तो कधी अमलातच आणला नाही! सत्तेचाळीस वर्षं तो तसाच पडून राहिला, 2023 ला मंत्रिमंडळाने रद्द करायचं ठरवलं. मधल्या काळात किती मुख्यमंत्री झाले ते मोजत बसा, कॅसिनो पाहिजे की नको हे एकानेही धड सांगितलं नाही.

जबाबदारी टाळायची सोय घटनेतच सापडते असं मला वाटतं (वकील लोक चिडतील, चिडू द्या). सातव्या परिशिष्टात जुगार आणि सट्टा राज्याच्या यादीत, 34 नंबरला, तर सरकारी लॉटऱ्या केंद्राच्या यादीत, 40 नंबरला. इंटरनेट तर केंद्राचंच. म्हणून मोबाईलवरच्या जुगाराच्या ॲपबद्दल संसदेत प्रश्न आला की केंद्राचं उत्तर ठरलेलं, हा राज्याचा विषय, आणि राज्याला विचारलं तर ॲप देशभर चालतं, सर्व्हर बाहेर, केंद्राने कायदा करावा. दोघंही कागदावर बरोबर, आणि पोराचा पगार 1 तारखेला आला की 3 तारखेला गायब.

रमीवाल्यांना जीवदान मिळालं ते 1967 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने. सिकंदराबादच्या एका क्लबची केस होती, कोर्ट म्हणालं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. पण त्याच निकालात हेही होतं की क्लब जर डावावर नफा कमवत असेल तर गुन्हा होऊ शकतो. ॲपवाल्यांनी पहिला अर्धा भाग फ्रेम करून लावला, दुसऱ्या अर्ध्याचं नाव नाही. जाहिरातीला तर ऊत आला होता, क्रिकेटपटू, हिरो सगळे, आणि शेवटी तो एका दमात बोलणारा माणूस, आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. ती सूचना टाकायचा नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्याच संस्थेने डिसेंबर 2020 पासून लावलेला, सरकारने नाही.

सरकारला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. 2018 मध्ये विधी आयोगाचा 276 वा अहवाल आला, थांबवता येत नसेल तर कडक नियमात आणा, व्यवहार आधार-पॅनला जोडा असं त्यात स्पष्ट होतं. तो ठेवला बासनात. मग एप्रिल 2023 ला केंद्राने आयटी नियम बदलले, म्हणे गेमिंग कंपन्यांवर स्वयंनियमन संस्था नेमणार, कोणता गेम चालेल आणि कोणता नाही ते त्या ठरवणार. अशी एकही संस्था नेमली गेली नाही. एकही नाही! आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून 28 टक्के जीएसटी मात्र वेळेवर सुरू झाला, पहिल्या सहा महिन्यांत ऑनलाईन गेमिंगमधून 6,909 कोटी आले असा आकडा पुढे जीएसटी परिषदेनंतर अभिमानाने सांगितला गेला. माझा सगळा राग या एका वर्षावर आहे. लोकांना वाचवायची यंत्रणा कागदावर राहिली आणि वसुलीची यंत्रणा तारखेला हजर, आणि याचा जाब कोणाला विचारायचा तर पुन्हा तेच, राज्याचा विषय. राज्य का गप्प? जीएसटीत राज्याचाही वाटा असतो.

रस्त्यावर आवाज झाला नाही असं नाही, ऑगस्ट 2023 मध्ये बच्चू कडूंनी गेमिंगच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकरच्या बांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलं. बातमी दोन दिवस चालली.

आणि मग जुलै 2025. कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा म्हणून एक व्हिडिओ रोहित पवारांनी टाकला. कोकाटेंनी साफ नाकारलं, मी खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेलं स्किप करत होतो असं त्यांचं म्हणणं. ते खरं धरलं तरी मुद्दा उरतोच ना, की मंत्र्याच्या मोबाईलवर भर सभागृहात रमी उघडते तर गावातल्या पोराच्या मोबाईलवर दिवसभर काय उघडत असेल. 31 जुलैला त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं कोणतं, क्रीडा! आमच्याकडे केळीच्या बागेत बसून लोक यावर आठवडाभर हसले.

तुलना करायची तर इंग्लंडची करा. तिथे सट्ट्याच्या दुकानातल्या मशिनवर एका डावाला 100 पाउंड लावता यायचे, ते 2 पाउंडावर आणायचं सरकारने कबूल केलं होतं. अंमलबजावणी सहा महिने पुढे ढकलली म्हणून नोव्हेंबर 2018 मध्ये खात्याच्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी स्वतःहून राजीनामा दिला, आणि सरकारला माघार घेऊन एप्रिल 2019 पासूनच ते लागू करावं लागलं. फक्त सहा महिन्यांसाठी, आणि ते पण सत्तेतल्या बाईने.

इकडे 20 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत ऑनलाईन गेमिंगचं विधेयक आलं, त्याच दिवशी गोंधळात मंजूर, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायच्या सगळ्या ॲपवर बंदी, कौशल्य असो की नशीब, चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाख, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. 45 कोटी लोकांना झळ आणि वर्षाला 20 हजार कोटींचं नुकसान असा अंदाज सरकारनेच तेव्हा दिला. कायदा चांगलाच म्हणेन मी, पण जे काम तीन दिवसांत झालं ते आधीची सात वर्षं का अडलं होतं? शिवाय आधी जे बुडाले त्यांच्या कर्जाचं, त्यांच्या उपचाराचं त्यात एक कलम नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या केसेस सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतल्या. टपरीवरच्या चिठ्ठीला मात्र अजूनही तोच 1887 चा कायदा.