शोषखड्डा म्हणजे गाळणी नव्हे

‘सांडपाणी शोषखड्ड्यात सोडलं की जमीन ते गाळून घेते, समुद्रात काही जात नाही’ हा कोकणातला जुना समज अर्धाच खरा आहे. माती बरेच जंतू अडवते, जांभ्यातलं लोह सांडपाण्यातलं फॉस्फेट धरून ठेवतं. नायट्रेट हे त्यातलं दुसरं पोषकद्रव्य मात्र पाण्यात विरघळून तसंच पुढे सरकतं. शिवाय जांभा हा भोकाभोकांचा, भेगाळलेला दगड. पावसाळ्यात त्यातून पाणी झपाट्याने उतरतं, भूजलाची पातळी वाढते आणि उताराने ते समुद्राकडे वाहतं. ओहोटीला वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यात हे भूजलही असतं. नाला दिसत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही! संडासाचं आणि बागांतल्या खताचं नायट्रेट मग खाडीत शेवाळ माजवतं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासळी गुदमरते. मालवणच्या प्रवाळांनाही असं शेवाळ घातकच.