आशा ताईंसाठी एनआयओएसचं प्रमाणपत्र: कोण पात्र, कोणती कागदपत्रं लागतात, अर्ज कसा होतो

आशा योजना 2005 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून ताईंनी कितीतरी प्रशिक्षणं घेतली, पण शाळेच्या दाखल्यासारखं हातात धरावं असं काही त्यातून मिळत नव्हतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या साथीने आशांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते, ते याच कारणासाठी. गाव न सोडता, काम चालू ठेवून हे करता येतं. संधी आली तर ताईंनी ती सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

पात्रता

तुम्ही सध्या आशा म्हणून काम करत असायला हव्यात आणि आशांच्या प्रशिक्षणातल्या मॉड्यूल (भाग) 6 व 7 चं प्रशिक्षण पूर्ण झालेलं हवं. हे प्रशिक्षण पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत, एकूण 20 दिवसांचं असतं. बाळंतपण, आजारपण अशा कारणांनी एखादी फेरी चुकली असेल, तर आधी ती भरून काढा. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांनाही ही परीक्षा देता येते.

अर्ज

इथे बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. दहावी-बारावीचा अर्ज आपण स्वतः भरतो, तसा हा नाही. तुमचं नाव गटप्रवर्तक आणि तालुका समूह संघटकांमार्फत जिल्ह्याच्या यादीत जातं. म्हणून पहिलं काम एकच: गटप्रवर्तक ताईंना विचारा, पुढच्या तुकडीच्या यादीत माझं नाव आहे का. नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लेखी द्या आणि पोच घ्या. खर्चाची तरतूद राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होते. कोणी फी म्हणून रोख मागितली, तर देण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा.

कागदपत्रं

आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रिका, आशा म्हणून नेमणुकीचं पत्र, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, पासपोर्ट आकाराचे फोटो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा.

खरी अडचण नावाची येते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि नेमणूक पत्रावर कोणीतरी घाईत लिहिलेलं तिसरंच. अर्जात एक नाव आणि पुराव्यात दुसरं असलं की फाइल अडते. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ग्रामपंचायतीत करून घ्या. ग्रामसेवक तिथले विवाह निबंधक असतात. ते प्रमाणपत्र दोन्ही नावांना जोडतं. जन्मतारखेत फरक असेल तर आधार दुरुस्तीला वेळ लागतो, त्यामुळे यादी लागण्याची वाट पाहू नका.

परीक्षा

परीक्षेआधी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात उजळणी होते. अंतर्गत मूल्यमापन असतं, मग लेखी आणि प्रात्यक्षिक. लेखीची भीती वाटते, पण प्रात्यक्षिक हे तुमचं रोजचंच काम आहे: बाळाचं वजन, तापमान, हात धुण्याची पद्धत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त असतील तर तो धोका, हे तुम्हाला पाठ आहेच. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या सहा गृहभेटी कोणत्या दिवशी, तेही: 3, 7, 14, 21, 28 आणि 42.

नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीतली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू खूप कमी करून दाखवले. 1999 मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

दहावी राहिली असेल तर

एनआयओएसची माध्यमिक परीक्षा मराठीतून देता येते. वयाची वरची अट नाही, पाच विषय, आणि एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत मिळून नऊ संधी. पूर्वी राज्य मंडळाच्या दहावीत काही विषयांत पास झाला असाल, तर त्यातल्या दोनपर्यंत विषयांचे गुण इकडे घेता येतात. हा अर्ज मात्र ऑनलाइन, स्वतः भरायचा.

एक सावधगिरी

'घरबसल्या एएनएम', 'दूरशिक्षणाने नर्सिंग' असे फलक तालुक्याच्या गावी दिसतात. एएनएम आणि जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांचं शिक्षण दूरस्थ पद्धतीने होत नाही, कारण वॉर्डात हात चालवल्याशिवाय ते शिकताच येत नाही. असल्या कागदावर परिचर्या (नर्सिंग) परिषदेची नोंदणी मिळत नाही. शिवाय 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण विज्ञान असे आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रमही दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली आहे. मुलीच्या प्रवेशासाठी दागिने गहाण ठेवायची वेळ आली असेल, तर आधी त्या संस्थेचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का ते पाहा. यादीत नसेल तर एक रुपयाही भरू नका.