सॅलरी कॅप वेगळी, लक्झरी टॅक्स वेगळा. डॉजर्सनी काहीही मोडलेलं नाही

लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ पाठोपाठ २०२५ मध्येही वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली, आणि तेव्हापासून बेसबॉलचा विषय निघाला की कोणीतरी ठरलेलं वाक्य टाकतंच: 'सॅलरी कॅप मोडून कोणीही जिंकेल!' अमेरिकेत राहणारी आपली मंडळीसुद्धा हे छातीठोकपणे सांगतात, म्हणून जास्त वैताग येतो. मेजर लीग बेसबॉलमध्ये सॅलरी कॅप नाहीच. त्यामुळे ती मोडण्याचा प्रश्न येत नाही. तिथे आहे तो लक्झरी टॅक्स, आणि त्याची जातकुळी पूर्ण वेगळी आहे.

कॅप म्हणजे काय हे आयपीएल बघणाऱ्याला समजवायला नको. पर्स. २०२५ च्या मेगा लिलावासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होते. मुंबई इंडियन्सनी बुमराह, हार्दिक, सूर्या, रोहित आणि तिलक यांना राखण्यात त्यातले ७५ कोटी घालवले आणि उरलेल्या ४५ कोटींत बाकीचा संघ बांधला. मालकांच्या तिजोरीत किती आहे याला लिलावाच्या टेबलावर काडीची किंमत नसते. पर्स संपली की पॅडल खाली. अमेरिकन फुटबॉलची एनएफएल १९९४ पासून आणि आइस हॉकीची एनएचएल २००५ पासून याच पद्धतीने चालते. बास्केटबॉलच्या एनबीएची कॅप इतक्या पळवाटांची आहे की तिच्यावर वेगळं लिहावं लागेल, ती इथे सोडतो.

आता बेसबॉल. २०२५ साली संघाच्या एकूण पगारावरची लक्झरी टॅक्सची रेषा होती २४.१ कोटी डॉलर. ती ओलांडायला परवानगी लागत नाही. ओलांडली तर खेळाडूची नोंदणी अडत नाही, गुण कापले जात नाहीत. वरच्या रकमेवर कर भरायचा, आणि फारच वर गेलात तर ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यातली, पहिली निवड दहा जागा मागे जाते. मुख्य शिक्षा म्हणाल तर एवढीच.

हिशेब आपल्या इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखा आहे: कर फक्त रेषेवरच्या रकमेवर, सगळ्या पगारावर नाही. पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. त्यावर अधिभार. सलग तीन-चार वर्षं रेषेच्या वर असलेल्या संघाचा २०२५ चा पगार ३०.१ कोटी डॉलर आहे असं धरू. म्हणजे रेषेच्या वर ६ कोटी. पहिल्या दोन कोटींवर ५० टक्के, पुढच्या दोन कोटींवर ६२ टक्के, त्यापुढच्या दोन कोटींवर ९५ टक्के. एकूण कर ४.१४ कोटी. आणि याच्याही वर गेलात तर प्रत्येक डॉलरवर १.१० डॉलर कर. म्हणजे दोन कोटींचा खेळाडू मालकाला ४.२ कोटींना पडतो. ही शेवटची पायरी न्यूयॉर्क मेट्सचे अब्जाधीश मालक स्टीव्ह कोहेन यांना डोळ्यांसमोर ठेवून आणली, म्हणून तिला सर्रास 'कोहेन टॅक्स' म्हणतात. एखाद्या वर्षी रेषेखाली आलात की दर पुन्हा २० टक्क्यांपासून सुरू.

मग गोंधळ होतो कुठे? बरेचसे मालक या रेषेला कॅप असल्यासारखं वागवतात, आणि बघणाऱ्याला ते खरं वाटतं. बॉस्टन रेड सॉक्सचं उदाहरण घ्या, याहून चांगलं सापडणार नाही. २०१८ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. संघाचा मूकी बेट्स त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षं बॉस्टन रेषेच्या वर होतं, आणि दर वर्षीचा कर होता सव्वा कोटी डॉलरच्या आसपास. २०२० हे तिसरं वर्ष झालं असतं, म्हणजे ५० टक्क्यांचा दर. मालकांनी रेषेखाली, म्हणजे तेव्हाच्या २०.८ कोटींखाली, यायचं ठरवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये बेट्स आणि डेव्हिड प्राइस या दोघांना लॉस एंजेलिसला धाडलं. डॉजर्सनी बेट्सशी १२ वर्षांचा ३६.५ कोटी डॉलरचा करार केला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. २०२४ आणि २०२५ च्या संघांतही बेट्स आहेच.

बॉस्टन हा काही गरीब संघ नव्हे, बेसबॉलमधल्या सर्वात कमावत्या संघांपैकी एक. नियम दोघांना एकच, रेषा एकच. एकाने तिला भिंत मानलं, दुसऱ्याने खर्चाची एक बाब. खरी कॅप असती तर बेट्सला घेताना डॉजर्सना तेवढ्याच किमतीचं दुसरं कोणीतरी सोडावं लागलं असतं. टॅक्समध्ये तसं काही होत नाही. कॅप मालकाच्या ऐपतीकडे बघत नाही, सगळ्यांना एकाच उंचीवर अडवते. टॅक्स मात्र ज्याला परवडत नाही त्याला, किंवा परवडत असूनही द्यायचा नाही त्याला, तेवढाच अडवतो. म्हणून 'टॅक्स आणखी वाढवा म्हणजे डॉजर्स ताळ्यावर येतील' हे बोलणं मला भाबडं वाटतं. दर वाढले की आधी बॉस्टनसारखे मागे सरतात. डॉजर्सनी २०२४ मध्ये १०.३ कोटी डॉलर नुसता कर भरला. ओकलंड ॲथलेटिक्सच्या त्या वर्षीच्या अख्ख्या संघाचा पगार याहून कमी होता.

डॉजर्सना हे झेपतं कशावर? टीव्हीवर. आयपीएलचे प्रक्षेपण हक्क बीसीसीआय एकगठ्ठा विकते आणि वाटा सगळ्यांना मिळतो. बेसबॉलमध्ये राष्ट्रीय करार सामाईक असले तरी रोजच्या सामन्यांचे स्थानिक हक्क आजवर बहुतेक संघ आपापले विकत आले. डॉजर्सनी २०१३ मध्ये केलेला करार २५ वर्षांचा आणि ८३५ कोटी डॉलरचा. शेजारच्या सॅन दिएगो पाद्रेसचे हक्क ज्या कंपनीकडे होते ती २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि भर मोसमात लीगला त्यांचे सामने स्वतः दाखवावे लागले. स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के हिस्सा सामाईक पेटीत जमा होऊन सगळ्यांत वाटला जातो हे खरं. पण ही महसूल-वाटणी वेगळी आणि लक्झरी टॅक्स वेगळा. टॅक्सचा पैसा गरीब संघांच्या खात्यात थेट जातो हा आणखी एक आवडता गैरसमज. त्यातला मोठा भाग खेळाडूंच्या निवृत्ती खात्यांत जातो.

डॉजर्सचा जपानी स्टार शोहेई ओहतानी याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय संपत नाही, तर बोलून टाकू. डिसेंबर २०२३ चा करार, १० वर्षं, ७० कोटी डॉलर. दर वर्षी हातात फक्त २० लाख, उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी. लोक म्हणतात, 'बघा, डॉजर्सनी त्याचा पगार टॅक्सपासून लपवला, हिशेबात वीसच लाख धरतात.' साफ चूक. टॅक्सच्या हिशेबात त्या वर्षी दिलेली रोख धरतच नाहीत. कराराची वार्षिक सरासरी धरतात, आणि पैसे पुढे ढकलले असतील तर त्यांची आजची किंमत काढतात. त्या हिशेबाने ओहतानीचा आकडा येतो साधारण ४.६ कोटी. सात कोटींऐवजी ४.६ म्हणजे फायदा झालाच, पण दहा वर्षांनी मिळणारा बिनव्याजी डॉलर आजच्या डॉलरइतका नसतोच, त्यामुळे यात चोरी कसली? हा 'सवलतीतला' आकडासुद्धा तोवरच्या कोणत्याही खेळाडूच्या वार्षिक सरासरीपेक्षा मोठा होता. शिवाय पुढे द्यायच्या रकमेची तरतूद संघाला आधीच बाजूला काढून ठेवावी लागते. आणि ही युक्ती डॉजर्सची नव्हेच. मेट्स बॉबी बोनिया या कधीच निवृत्त झालेल्या खेळाडूला २०११ पासून दर १ जुलैला सुमारे ११.९ लाख डॉलर देतायत, ते २०३५ पर्यंत देत राहतील.

जास्त पगार म्हणजे जास्त विजय का, हा प्रश्न लोक यातच मिसळतात. थोडक्यात: संबंध आहे, हमी नाही. २००२ मध्ये ओकलंडने सुमारे ४ कोटींत १०३ सामने जिंकले, यांकीजनीही तेवढेच, पण १२ कोटींहून जास्त मोजून. २०२३ चे मेट्स तर तोवरच्या सगळ्यात महागड्या संघाचा विक्रम करून ७५ जिंकले, ८७ हरले. एक कारण असं, की पहिली सहा वर्षं खेळाडू संघाला बांधलेला असतो आणि त्यातली पहिली तीन तर बहुधा किमान वेतनाच्या आसपास. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) साय यंग पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याचा पगार नऊ लाख डॉलरच्याही आत होता. आणि कॅप आली की सगळे समान होतात असंही नाही. कडक कॅपखाली एनएफएलच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी सहा सुपर बोल, म्हणजे सहा विजेतेपदं, जिंकली. सारखीच पर्स असून मुंबई आणि चेन्नईकडे पाच-पाच आयपीएल करंडक, दिल्ली आणि पंजाबकडे २०२५ संपेपर्यंत एकही नाही.

माझं मत विचाराल तर छताच्या चर्चेत सगळे तळ विसरतात. आयपीएलमध्ये पर्सचा किमान ७५ टक्के भाग खर्च करावाच लागतो. बेसबॉलमध्ये अशी किमान मर्यादा नाही. २०२५ मध्ये डॉजर्स आणि मेट्स दोघेही ३० कोटी डॉलरच्या वर असताना मायामी मार्लिन्स दहा कोटींच्याही खाली होते, वाटणीचा पैसा घेऊन. मला डॉजर्सपेक्षा अशा मालकांचा राग जास्त येतो. संघ जिंकावा म्हणून पैसे खर्च करणाऱ्याला खलनायक करायचं आणि खिशात घालणाऱ्याला 'बिचारा छोटा संघ' म्हणायचं, हे मला पटत नाही.

खेळाडू कॅपला का नकार देतात, तेही यातूनच कळतं. १२ ऑगस्ट १९९४ ला ते संपावर गेले ते मालकांना कॅप हवी होती म्हणून. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी ३१ मार्च १९९५ ला मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. कॅप आलीच नाही, आणि पुढच्या करारात तडजोड म्हणून आला लक्झरी टॅक्स. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, आणि कॅपची मागणी पुन्हा ऐकू येतेच आहे. तेव्हा 'कॅप' असा मथळा दिसला की दोन आकडे शोधा: किमान खर्च किती ठरवलाय, आणि एकूण उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा किती टक्के. एनएफएल, एनएचएल आणि एनबीएच्या करारांत हे दोन्ही लिहिलेले असतात. बेसबॉलच्या प्रस्तावात नुसतंच छत असेल, तर तो मालकांचा खर्च कमी करण्याचा प्रस्ताव आहे.