एवे भाषेतली क्रियापदं आणि त्यांची जोडीची नामं

घानाच्या आग्नेय भागात आणि टोगोच्या दक्षिणेत एवे भाषा बोलतात. अकान, गा, फोन या पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांप्रमाणे तिलाही क्वा या भाषागटात धरतात. या भाषांतली पुष्कळ क्रियापदं नाम सोबत घेतल्याशिवाय वाक्यात येतच नाहीत. 'कोफी पळाला' हे एवेत 'कोफी फु दु' असं होतं. 'दु' म्हणजे धाव. एकट्या 'फु'चा नेमका अर्थ सांगणं मात्र अवघड. 'दु'च्या जागी 'त्सि', म्हणजे पाणी, आलं की अर्थ होतो पोहणं.

मग हे नाम क्रियापदाचाच तुकडा आहे, की खरंखुरं कर्म? वाक्याचा काळ बदलून पाहावं. 'कोफी वॉ दॉ' म्हणजे कोफीने काम केलं. 'करतोय' म्हणताना 'ले' येतं, क्रियापदाला 'म्' लागतो आणि नाम उडी मारून क्रियापदाआधी जातं: 'कोफी ले दॉ वॉम्'. भात खातानाही हेच घडतं, 'कोफी ले मॉली डुम्'. आणि पळतानाही, 'कोफी ले दु फुम्'.

सवय सांगणारा 'ना' प्रत्यय तर याहून बोलका. लगेच पुढे कर्म असलं की त्यातला 'न' गळतो: 'कोफी वॉआ दॉ'. पण 'कामच करतो' असा जोर द्यायला नाम वाक्याच्या सुरुवातीला नेलं, की 'न' परततो: 'दॉए कोफी वॉना'. नाम खरोखरच जागेवरून उठलं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मराठीत नाम हे खरं कर्म असल्याचं क्रियापदाच्या लिंगावरून कळतं: 'उडी मारली', पण 'सूर मारला'.

क्रियापदावरून नाम घडवताना जोडीचं नाम क्रियापदाआधी येतं आणि क्रियापद दोनदा उच्चारतात. 'डु नु' म्हणजे खाणं ('नु' म्हणजे वस्तू), त्यावरून 'नुडुडु': खाण्याची क्रिया आणि अन्नही. राज्य करणंही याच 'डु'ने सांगतात, म्हणून राज्याला 'फिआडुफे': राजा, खाणं, जागा.

शिकणारे इथेच अडखळतात. 'डु = खाणे' एवढंच पाठ केलं, तर नाचण्यासाठीही 'डु'च लागतं हे कळत नाही, आणि 'कोफी जेवला' म्हणताना 'नु' गळून वाक्य अर्धवट राहतं. शब्दसंग्रह करताना प्रत्येक क्रियापद जोडीदारासकट नोंदवावं.

एवेची कसोटी अकानला मात्र जशीच्या तशी लावू नये. तिथे पळण्याला 'तु म्मिरिका' म्हणतात. 'पळतोय' सांगायला क्रियापदाआधी 'रे' लागतो, 'कोफी रेतु म्मिरिका', आणि नाम जागचं हलत नाही.