टीव्ही व्हाइट स्पेस

दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेल्या, पण एखाद्या ठिकाणी प्रत्यक्षात रिकाम्या राहिलेल्या रेडिओ वाहिन्यांना टीव्ही व्हाइट स्पेस म्हणतात. एकाच वाहिनीवरची दोन प्रक्षेपण केंद्रे जवळ असली, तर दोन्हींचे चित्र बिघडते; म्हणून ती एकमेकांपासून दूर ठेवावी लागतात आणि मधल्या प्रदेशात ती वाहिनी पडून राहते. या यूएचएफ लहरी (टीव्ही प्रक्षेपणाच्या पट्ट्यातील रेडिओ लहरी) वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींपेक्षा लांब जातात आणि झाडी किंवा भिंती यांतून कमी क्षीण होत पार होतात. विरळ वस्तीच्या, डोंगराळ भागात इंटरनेट पोहोचवण्यासाठी त्यांचे मोल म्हणूनच मोठे आहे.

वाहिनी खरोखर रिकामी आहे का, हे ओळखणे हीच यातली अवघड बाब आहे. उपकरणाने आधी कानोसा घ्यावा आणि शांतता असेल तरच प्रक्षेपण करावे, ही कल्पना सरळ वाटते. पण घराच्या छपरावरील अँटेना दूरच्या केंद्राचा संदेश नीट पकडत असताना खाली भिंतीआड ठेवलेल्या उपकरणाला तो मुळीच ऐकू येत नाही, ते वाहिनी मोकळी समजून बोलू लागते आणि वरच्या अँटेनाला जोडलेल्या टीव्हीवरील चित्र विस्कटते. ही अडचण लक्षात घेऊन अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०१० मध्ये केवळ श्रवणावर विसंबण्याऐवजी स्थानाधारित माहितीसंचाचा मार्ग स्वीकारला. उपकरण आपले अक्षांश-रेखांश कळवते आणि तेथे कोणत्या वाहिन्या, किती शक्तीने वापरता येतील, याचे उत्तर माहितीसंचाकडून घेते. अमेरिकेतच ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मात्र नौदलाच्या रडारची चाहूल घेण्यासाठी किनाऱ्यावर संवेदक बसवले आहेत. रडार सुरू झाले की इतरांना वाट सोडावी लागते.

भारतात ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या बसतात. दूरदर्शनच्या प्रक्षेपकांची माहिती घेऊन आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार देशात जवळजवळ सर्वत्र त्यांपैकी किमान १२ वाहिन्या मोकळ्या होत्या. याच संस्थेच्या अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील गटाने पालघर जिल्ह्यात खोडाळा परिसरातील गावांमध्ये या लहरींची चाचणी घेतली. गावातील वाय-फाय आणि दूरवरचे इंटरनेट जोडणीचे ठिकाण यांमधला टप्पा केबल न टाकता या लहरींनी सांधला. ज्या पाड्यांवर खांब रोवणे आणि चर खणणेच सर्वांत खर्चाचे ठरते, तेथे हा मधला टप्पा निर्णायक असतो. याच गटाच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत पहिला पुरस्कार मिळाला. खोडाळ्याची चाचणी मात्र प्रायोगिक परवान्यावर झाली होती. वाय-फायप्रमाणे कोणालाही परवान्याविना वापरता येईल, अशी मोकळीक त्या वेळी या पट्ट्याला नव्हती.