वर्गात ऑनलाइन साधन आणण्याआधी : शिक्षक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गुरुजी, बाई, सर, मॅडम, नमस्कार.

आमचं दुकान छोटं आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, प्रिंटर, इन्व्हर्टर, आणि गेली काही वर्षं शाळांमध्ये टीव्ही-प्रोजेक्टर बसवून देणं हे आमचं काम. जूनमध्ये शाळा उघडल्या की कुणी ना कुणी शिक्षक काउंटरवर येतात आणि विचारतात, "वर्गात ऑनलाइन काहीतरी सुरू करायचंय, कोणतं घेऊ?" गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून हे छापून घेतलं. यातल्या बहुतेक गोष्टी मोफत आहेत. आमच्याकडून काही घ्यायचं की नाही, हे वर्गात करून पाहिल्यावर ठरवा.

अडलेला धडा घेऊन या

"कोणतं अ‍ॅप चांगलं?" असं विचारलंत तर आम्ही उलट विचारतो, "पोरं नेमकी कुठं अडतात?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय साधन सुचवायचं नाही, असा दुकानाचा नियमच आहे.

मागच्या वर्षी पाचवीच्या एक बाई आल्या. लोकवर्गणीतून थोडे पैसे जमले होते, त्यात टॅबलेट किती येतील याचं कोटेशन हवं होतं. बोलता बोलता म्हणाल्या, "अपूर्णांक शिकवताना सगळी माना डोलावतात आणि पेपरात चुकतात." आम्ही कोटेशन बाजूला ठेवलं आणि त्यांच्याच फोनवर प्लिकर्स टाकून दिलं.

प्लिकर्समध्ये मुलांच्या हातात फक्त कागदाचं कार्ड असतं. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची आकृती, प्रत्येक कार्डाची वेगळी. आकृतीच्या चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटेल ते अक्षर वर करून मुलानं कार्ड धरायचं. शिक्षकांनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते पडद्यावर दिसतं. अक्षरं बारीक आणि आकृत्या वेगवेगळ्या, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे. तो आपणच साध्या प्रिंटरवर छापायचा.

पहिल्या दिवशी आम्ही वर्गात मागे उभे होतो. बाईंनी फळ्यावर खडूनं प्रश्न लिहिला : एकतृतीयांश मोठा की एकचतुर्थांश? कार्डं वर गेली. अर्ध्याहून जास्त वर्गानं एकचतुर्थांश मोठा म्हणून सांगितलं, कारण तीनपेक्षा चार मोठे. त्यात नेहमी हात वर करणारी हुशार मुलंही होती. बाई दोन क्षण फोनकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला, वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या फाडल्या, घडी घालून एकीचे तीन सारखे भाग केले, दुसरीचे चार, आणि एकेक भाग शेजारी धरला. मागच्या बाकावरचा एक मुलगा जोरात म्हणाला, "म्हणजे वाटेकरी वाढले की वाटा कमी!" पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा कार्डं. या वेळी चुकलेली तिघंच होती, आणि ती कोण हेही समोर दिसत होतं.

टॅबलेट त्या शाळेनं घेतले नाहीत. कार्डं आम्ही जाड कागदावर छापून दिली. तुम्ही छापणार असाल तर चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही.

आमची चूक, तुमच्याकडून होऊ नये

एका शाळेत आम्ही टीव्ही बसवला. सगळं दुकानातल्या ब्रॉडबँडवर नीट चालवून पाहिलं होतं. उद्घाटनाला सरपंच, केंद्रप्रमुख, पालक सगळे बसलेले, आणि पत्र्याच्या छपराखाली फोनला रेंजच नाही. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा आम्हाला अजून आठवतो. तेव्हापासून कोणतंही साधन आम्ही त्याच वर्गात, शाळेच्या वेळेत, खिडक्या उघड्या ठेवून तपासतो. तुम्हीही तसंच करा.

नेट किती लागतं याचा हिशोब सोपा आहे. यूट्यूबच्या सांगण्याप्रमाणे ४८० पी दर्जाच्या व्हिडिओला सलग १.१ एमबीपीएस वेग लागतो, ७२० पीला २.५ एमबीपीएस. म्हणजे ३५ मिनिटांच्या एका तासिकेला पहिल्यात साधारण २९० एमबी जातात आणि दुसऱ्यात साधारण ६५० एमबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर ७२० पीच्या दोन तासिकांत तो संपत येतो, तोही तुमच्या खिशातून. टीव्हीवर ४८० पी पुरतं. आणि फोन टीव्हीला जोडण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा, नाहीतर घरचे मेसेज अख्ख्या वर्गासमोर येतात. हे फार जणांच्या बाबतीत घडलेलं आम्ही पाहिलं आहे.

नेट नसलं तरी चालणारी साधनं

खरं सांगायचं तर ग्रामीण शाळेला आम्ही आधी हीच सुचवतो.

दीक्षा, म्हणजे पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड ज्यात उघडतात ते सरकारी अ‍ॅप, तुम्हाला माहीतच आहे. ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षक दिनी, ते सुरू झालं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या ज्या कामाची सगळ्यात जास्त चर्चा झाली ते हेच : पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड. पण दोन गोष्टी पुष्कळ शिक्षक वापरत नाहीत. एक, दीक्षातला बराच आशय घरी वायफायवर डाउनलोड करून वर्गात नेटशिवाय दाखवता येतो. दुसरी, पुस्तक जुनं होऊन क्यूआर कोड पुसट झाला असेल तर त्याच्याखालचा सहा अक्षरांचा कोड अ‍ॅपमध्ये टाइप केला तरी तोच आशय उघडतो.

विज्ञानाला फेट, म्हणजे पडद्यावर करून बघायचे मोफत प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. वीमन यांना त्याआधी, २००१ मध्ये, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. यातले कितीतरी प्रयोग मराठीत आहेत. नव्या पद्धतीचा प्रयोग एका फाइलमध्ये डाउनलोड होतो, पेनड्राइव्हवर राहतो आणि साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतो. विद्युत परिपथाचा प्रयोग जरूर बघा. तार, बॅटरी, दिवा ओढून जोडायचे. तारेनं बॅटरीची दोन टोकं थेट जोडली की पडद्यावर बॅटरीला आग लागलेली दिसते. शॉर्टसर्किट म्हणजे काय हे मुलं त्यानंतर विसरत नाहीत. मात्र आमचं आग्रहाचं सांगणं आहे की आधी खरा सेल, खरा छोटा बल्ब आणि वायरचा तुकडा मुलांच्या हातात द्या. बल्ब पेटल्यावर पोरांच्या तोंडावर जे येतं ते पडद्यावरच्या दिव्यानं येत नाही. पडदा त्यानंतर, जे हातानं करणं धोक्याचं आहे तेवढ्यासाठी.

भूमितीला जिओजेब्रा. हे ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलं. कॉम्प्युटरवर एकदा टाकलं की नेट लागत नाही. त्रिकोण काढा, तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक काढा, परिकेंद्र मिळेल. आता एक शिरोबिंदू माउसनं हळूहळू ओढा. त्रिकोण लघुकोन असेपर्यंत परिकेंद्र आत राहतं, काटकोन झाला की बरोबर कर्णाच्या मध्यावर येतं आणि विशालकोन झाला की बाहेर पडतं. फळ्यावर यासाठी तीन आकृत्या काढाव्या लागतात, आणि एकीतून दुसरीत कसं गेलं हे तरीही दिसत नाही. नववीच्या गणिताच्या सरांनी एवढा एकच प्रयोग करून पाहिला तरी आम्हाला समाधान आहे.

मराठी टाइप करताना

ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते. श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधली जुनी प्रश्नपत्रिका गुगल फॉर्ममध्ये पेस्ट केली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटतो. तुमचा कॉम्प्युटर बिघडलेला नाही. या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. इंटरनेटवर युनिकोडच चालतं, म्हणजे ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो ती पद्धत. जुना मजकूर कन्व्हर्टरनं बदलता येतो, पण नंतर प्रत्येक ओळ वाचा, जोडाक्षरं हमखास बिघडतात. थोडा मजकूर असेल तर गुगल डॉक्समध्ये बोलून टाइप करणं लवकर होतं, त्यात मराठी आहे.

फोनला कळफलक मराठीचाच लावा, हिंदीचा नको. हिंदीच्या कळफलकावर ऱ सापडत नाही म्हणून लोक तसंच दामटतात. मग 'आचाऱ्यांना बोलवा' लिहायचं असतं आणि 'आचार्यांना बोलवा' लिहिलं जातं. स्वयंपाकी आणि गुरू यांत फरक आहे, आणि मुलं आपल्या स्वाध्यायातूनच शुद्धलेखन उचलतात.

गुगल फॉर्मच्या चाचणीत आणखी एक खाच आहे. लहान उत्तराच्या प्रश्नाला उत्तरसूचीत तुम्ही '१२' लिहिलंत आणि मुलानं इंग्रजी अंकांत बारा लिहिले, तर फॉर्म ते चूक धरतो. उत्तरसूचीत दोन्ही लिहून ठेवा. 'पाव' आणि 'एकचतुर्थांश' दोन्ही बरोबर असतील तर तीही दोन्ही. बरोबर उत्तराला शून्य मिळालेलं मूल पुढच्या चाचणीला मन लावून बसत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं सरावाचे प्रश्न पटकन काढून देतात, शिक्षकांच्या तयारीला ती उपयोगी आहेत. पण त्यांची मराठी पुष्कळदा हिंदीच्या वळणाची असते आणि गणितं चुकतातही. छापण्याआधी प्रत्येक गणित स्वतः सोडवा.

मुलांची नावं, फोटो, नंबर

इथे आम्ही कडक आहोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि मुलांची माहिती वापरण्याच्या मुळाशी पालकांची संमती ठेवली आहे. गुगलचं खातं स्वतःचं स्वतः चालवायला आपल्याकडे १३ वर्षं पूर्ण लागतात. म्हणून पाचवी-सहावीच्या मुलांना खातं काढायला लावू नका. वय खोटं टाकून तर मुळीच नको.

फॉर्म पाठवताना 'ईमेल पत्ते गोळा करा' बंद ठेवा. 'एकच प्रतिसाद' हा पर्यायही बंद ठेवा, कारण त्याला लॉगिन लागतं आणि घरात एकच फोन असतो, तोही संध्याकाळी बाबा कामावरून आल्यावर दोन-तीन भावंडांना वापरायचा असतो. नावाऐवजी हजेरी क्रमांक मागा. प्लिकर्समध्येही नुसते क्रमांक टाकून काम भागतं. आणि चाचणीचे गुण पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांचे एकत्र टाकू नका. कमी गुणांच्या मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत यायचं असतं.

प्रत स्वतःजवळ ठेवा

एडमोडोवर वर्ग चालवणारे शिक्षक आपल्या ओळखीत होते. ते सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं. गुगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. मोठ्या कंपन्यांची साधनंही जातात. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रश्नसंच पीडीएफमध्ये आणि गुण शीटमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. 'मोफत ट्रायल' म्हणून कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागणारं काहीही शाळेच्या खात्यावर सुरू करू नका.

घ्यायचंच असेल तर

टीव्ही घेण्याआधी मुलांच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसा. तिथून अक्षर वाचता येत नसेल तर तो टीव्ही त्या वर्गासाठी लहान आहे. प्रोजेक्टर दिवसाउजेडी फिका पडतो, खिडक्यांना पडदे लागतील तो खर्च आधी धरा. वीज जात असेल तर स्क्रीनच्या आधी इन्व्हर्टर.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुकानात या. त्या दुपारी आम्ही विक्रीचं काम ठेवत नाही, फक्त शिक्षकांसोबत बसतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना तुमचा रोजचा फोन, चार्जर, पाठ्यपुस्तक आणि एक पेनड्राइव्ह आणा, आणि मुलं जिथं अडतात त्या पानाला खूण घालून ठेवा.